सुखाचे वार कसे लावावेत

शिक्षणासाठी नाशिकसारख्या गावात आलेली गरीब घरची मुले पूर्वी वार लावून जेवत असत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे सगळे दिवस वेगवेगळ्या घरी ठरलेले असत. माझ्या सासूबाईंच्या माहेरी, पंचवटीत, दर गुरुवारी असा एक मुलगा येई आणि त्या दिवशी आमटीत डाळ मूठभर जास्त पडे, असे त्या अजून सांगतात. मुलाला आमंत्रणाची वाट पाहावी लागत नसे आणि घरातल्या बाईला कोणी आठवण करून द्यावी लागत नसे. वार ठरला की पान मांडले जाई. नोकरी चालू आहे, मुले बाहेरगावी गेली आहेत आणि घरात एखादे वृद्ध माणूस आहे, अशा पन्नाशीतल्या संसारात छोट्या सुखांची स्थिती त्या मुलासारखीच असते. त्यांना कोणी नको म्हणत नाही, पण वार लागलेला नसल्यामुळे ती दारातूनच परत जातात. हे वार कसे लावावेत याविषयी गेल्या तीन वर्षांत चुकतमाकत जे उमगले, ते येथे मांडत आहे.

माझे वय ५२. मी सातपूरच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहते, घरी यजमान आणि ८१ वर्षांच्या सासूबाई आहेत, मुलगी पुण्यात नोकरीला आहे. हिशेबाचा पेशा असल्यामुळे मी सुरुवात जमाखर्चापासून केली आणि तीच योग्य सुरुवात आहे असे माझे मत आहे. स्वयंपाकघरातल्या ज्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे मांडतो, त्याच कॅलेंडरवर पंधरा दिवस फक्त एवढेच लिहावे की आज मोकळा वेळ किती मिळाला आणि तो कशात गेला. काय करायला हवे होते ते लिहू नये. पंधरा दिवसांनी मी बेरीज केली, तेव्हा रात्री नऊ ते साडेदहा हा दीड तास रोज मोबाईलवर जात असल्याचे दिसले, म्हणजे आठवड्याला साडेदहा तास. ज्या तीन गोष्टींना वेळ नाही असे मी चारचौघांत सांगत असे, त्या म्हणजे चालणे, वाचन आणि धाकट्या बहिणीशी निवांत बोलणे. त्यांना अनुक्रमे अडीच तास, दोन तास आणि अर्धा तास, एकूण पाच तास पुरणार होते. हिशेब इतका सरळ निघाल्यावर तक्रारीला जागाच उरली नाही, याचे थोडे वाईटही वाटले.

यानंतर गोष्टींची विभागणी करावी. काही गोष्टी रोजच्या असतात आणि त्यांना वेळ लागतो, वार नव्हे. सकाळचा चहा, चालणे आणि झोप या तीनच गोष्टी मी त्यात धरते. बाकी सगळ्यांना आठवड्यातला, महिन्यातला किंवा वर्षातला वार द्यावा. पहिल्या महिन्यात तीनपेक्षा जास्त वार लावू नयेत. नवा संकल्प केलेल्या माणसाला सातही दिवस भरून टाकण्याची हौस येते आणि दुसऱ्याच आठवड्यात घरात एक पाहुणा आला की सगळे वेळापत्रक कोसळते.

सकाळचा चहा ही गोष्ट सांगण्यासारखी आहे का, असे कोणी विचारील. परंतु दिवसातले जे एकमेव सुख हमखास हाती येते, तेच आपण उभ्याने, ओट्याशी, दुसऱ्या हाताने डबे भरत संपवतो. आमच्याकडे आता सव्वापाचला आधण ठेवले जाते. खिडकीतल्या कुंडीतली गवती चहाची दोन पाती कापून, बोटाएवढी गाठ मारून आधणात टाकायची आणि पाणी पिवळसर झाल्यावर ठेचलेले आले घालायचे. आले दुधासोबत टाकले तर दूध फाटण्याची भीती असते, म्हणून ते आधीच उकळू द्यावे. कप दोनच, माझा आणि सासूबाईंचा, कारण यजमान सहाशिवाय उठत नाहीत. मोबाईल त्या वेळी बाहेरच्या खोलीत असतो आणि चहा बसूनच प्यायचा असतो, हे दोनच नियम आहेत. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांवर आणि कधी त्याच्याही खाली उतरतो. त्या दिवसांत शालीत पाय घेऊन दोन्ही तळहातांनी धरलेला तो कप सोडवत नाही, हे कबूल करते. एक पथ्य मात्र सांभाळावे. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातले लोह शरीरात कमी शोषले जाते, म्हणून जेवणाच्या किंवा लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नये. पन्नाशीच्या आधी ज्यांचे हिमोग्लोबिन सतत कमी येते, त्या बायकांनी तर हे नक्कीच पाळावे.

चालण्याच्या बाबतीत माझी फजिती आधी सांगते. वाढदिवसाच्या भरात मी एका व्यायामशाळेत वर्षाचे पैसे एकदम भरले आणि एकूण अकरा दिवस गेले. त्यानंतर राग काढावा तशी पहिल्याच आठवड्यात जुन्या, झिजलेल्या बुटांत रोज पाच किलोमीटर चालले आणि टाच इतकी दुखू लागली की सकाळी उठल्यावर पहिली दहा पावले भिंत धरून टाकावी लागत. ते दुखणे चार महिने पुरले. म्हणून सांगते की पंधरा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. मध्यम श्रम कोणते हे ओळखण्याची सोपी खूण अशी की चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, गोल्फ क्लब मैदान म्हणून सगळे ओळखतात ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान किंवा पहाटेचा गोदाघाट, यांपैकी घराजवळचे ठिकाण निवडावे. गाडी काढून चालायला जावे लागत असेल तर ते ठिकाण चुकीचे आहे.

नुसत्या चालण्याने मात्र भागत नाही. वयाबरोबर स्नायू कमी होत जातात आणि त्यासाठी आठवड्यातून दोन दिवस बळाचा व्यायाम लागतो. त्याला सामान काही लागत नाही. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावे आणि बसावे, दूध तापेपर्यंत ओट्याला हात लावून उभ्याने जोर काढावेत, आणि जमेल तेव्हा मांडी घालून जमिनीवर जेवायला बसावे. आधार न घेता उठता येणे हीच मोठी परीक्षा आहे.

महिन्यातला एक रविवार पांडवलेण्यांना द्यावा. त्रिरश्मी डोंगरात कोरलेली ही २४ लेणी महामार्गालगतच असल्यामुळे आपण त्यांच्याकडे गाडीतूनच पाहतो आणि वर जातो ते पाहुणे आले तर. पायऱ्या चढताना पहिल्यांदा कुठे थांबावे लागले ती जागा लक्षात ठेवावी. पुढच्या महिन्यात तिच्या वर दहा पायऱ्या गेलो की जे वाटते ते कोणत्याही यंत्रावरच्या आकड्याने वाटत नाही. छातीवर दाब आला किंवा डावा हात, जबडा अवघडला, तर मात्र जिद्द धरू नये. लगेच थांबावे आणि वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे. वर तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी राज्य करत असताना, त्याच्या राज्याच्या १९व्या वर्षी, या आजीने आपल्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाचे वर्णन दगडात कोरून घेतले. मुलगी पुण्याला गेल्यापासून मी त्या लेखासमोर जरा जास्त वेळ उभी राहते.

आठवड्याच्या वारांपैकी पहिला बुधवार. गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो आणि ज्याला नाशिकमध्ये राहून वर्षे झाली तोही तिकडे क्वचितच फिरकतो, कारण भाजी दारावर येते आणि किराणा मोबाईलवरून. बाजारात जाताना दोन कापडी पिशव्या आणि सुटे पैसे न्यावेत, यादी नेऊ नये. नेहमीची खरेदी असतेच, पण प्रत्येक खेपेला अशी एक वस्तू आणावी जी गेल्या महिन्यात घरात आली नव्हती. पावसाळ्यात करटुली, टाकळा अशा रानभाज्या घेऊन येणाऱ्या बायका भेटतात. भाजी कशी करायची हे त्यांनाच विचारावे, त्या दोन वाक्यांत सांगतात आणि तेवढेच पुरते. हिवाळ्यात ओला हरभरा आणि बोरे, फेब्रुवारीपासून द्राक्षे. आपल्या जिल्ह्याची द्राक्षे जगभर जातात आणि आपण मात्र साखरेच्या धास्तीने घड नुसता न्याहाळतो. साखर वाढलेली असेल तर डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे, आणि जे ठरेल तेवढे वाटीत मोजून, एकेक दाणा चघळत खावे. परातीतून येता-जाता उचललेल्या द्राक्षांचा हिशेब लागत नाही आणि चवही लक्षात राहत नाही.

दुसरा वार वाचनाचा. मराठीने जवळचे दिसण्याच्या चष्म्याला ‘चाळिशी’ हे नाव दिले आहे, त्यावरून डोळ्यातले भिंग ताठर होण्याचे वय आपल्या पूर्वजांना किती नेमके ठाऊक होते ते कळते. वाचन सुटले अशी खंत करणाऱ्या अनेकांचे वाचन सुटलेले नसते, चष्म्याचा नंबर जुना झालेला असतो आणि दिवा डोक्यामागे नसून समोर असतो. नंबर तपासून घ्यावा, खुर्चीच्या डाव्या अंगाला मागून उजेड येईल असा दिवा लावावा आणि चाळिशीची एक जादा जोडी तिथेच ठेवावी. मग सावानाची, म्हणजे सार्वजनिक वाचनालय, नाशिकची वर्गणी भरावी. १८४० साली स्थापन झालेले हे वाचनालय आपल्या गावात असताना पुस्तक विकत घेऊन न वाचता कपाटात ठेवण्यात काय अर्थ आहे, हे मला पूर्वी सुचले नव्हते. उसनवार आणलेल्या पुस्तकाला परत करण्याची तारीख असते आणि माझ्यासारख्या आळशी माणसाला ती तारीखच वाचायला बसवते.

रविवारी मिसळ. याबाबत नाशिककराला मार्गदर्शन करणे धाडसाचे आहे, तरी पन्नाशीनंतरची मिसळ कशी खावी याविषयी थोडे लिहिते. मिसळ ही मुळात वाईट वस्तू नाही. मोड आलेल्या मटकीत प्रथिने आहेत आणि ती आपल्या शाकाहारी ताटात नेहमी कमीच पडतात. अडचण आहे ती तर्रीची, शेवेची, पापडाची आणि तिसऱ्या-चौथ्या पावाची. दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ५ ग्रॅम म्हणजे सपाट भरलेला चहाचा एक चमचा. मिसळीच्या एका बैठकीत त्यातला बराच भाग संपतो. आमच्या घरी यावरून झालेला संवाद असा:

“अहो, तर्री वरून काढून ठेवा बाजूला.”

“अगं, मग तिला मिसळ कशाला म्हणायचं? उसळच मागवू.”

शेवटी तह झाला. मिसळ रविवारीच, दोघांत मिळून एक जादा रस्सा, दही घ्यायचे, पापड सोडायचा, पाव दोनच. आणि त्या रात्री मुगाच्या डाळीची खिचडी, लोणच्याशिवाय. यजमान खिचडीच्या वेळी गप्प असतात, पण तह मोडलेला नाही.

मिसळीला निघण्यापूर्वी रक्तदाब मोजायचा, हेही रविवारलाच जोडले आहे, कारण आवडत्या गोष्टीच्या आधी नावडती ठेवली की ती टळत नाही. मोजण्याची रीत नीट पाळली नाही तर आकड्याला काही अर्थ राहत नाही. एका औषधाच्या दुकानात, जिना चढून आल्या आल्या, मी मोजून घेतला तेव्हा १५८/९६ आला आणि मी रात्रभर जागी राहिले; दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्वस्थ बसवून मोजला तर १३२/८४ होता. म्हणून चहा घेतल्यानंतर किंवा चालून आल्यानंतर अर्धा तास जाऊ द्यावा, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे न बोलता बसावे, पट्टा उघड्या दंडावर बांधून हात टेबलावर छातीच्या पातळीत ठेवावा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावा. दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहावेत. घरी मोजलेला दाब वारंवार १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर कॅलेंडरचे ते पान घेऊन डॉक्टरांकडे जावे. उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल आणि डोळे यांची तपासणी वाढदिवसाच्या महिन्यात ठेवावी, म्हणजे तारीख शोधत बसावे लागत नाही. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ मध्ये आली तर मधुमेह झाला असे समजून हातपाय गाळू नयेत, पण चालण्याचे खाडे बंद करावेत.

बायकांसाठी येथे एक गोष्ट उघडपणे लिहिणे आवश्यक आहे, कारण घरात ती कोणी बोलत नाही. साधारण ४५ ते ५५ या काळात पाळी थांबते आणि सलग १२ महिने ती आली नाही की त्याला रजोनिवृत्ती म्हणतात. त्याआधी काही वर्षे रात्री अचानक घाम फुटणे, झोप मोडणे, क्षुल्लक कारणावरून डोळे भरून येणे, हे होऊ शकते. मी सुती चादर, उशाशी पाण्याचा तांब्या आणि वेगळे पांघरूण, एवढ्यावर निभावले. त्रास जास्त असेल तर उपचार आहेत, तो सोसण्यात काही पुण्य नाही. मात्र ते १२ महिने उलटल्यानंतर पुन्हा थोडाही रक्तस्राव झाला तर तो नैसर्गिक मानू नये आणि त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.

वर्षातून एखाद-दोन वेळाच येणारी सुखे असतात आणि त्यांची तारीख मी नव्या कॅलेंडरवर जानेवारीतच मांडून ठेवते. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला होते. तिच्यातली किमान तीन व्याख्याने ऐकावीत, विषय आवडीचा नसला तरी चालेल, कारण दिवसभराच्या उन्हानंतर नदीकाठच्या मोकळ्या हवेत दीड तास कोणी तरी दुसऱ्याने बोलावे आणि आपण ऐकावे, हीच मोठी विश्रांती आहे. जुन्या नाशकातल्या रंगपंचमीच्या रहाडी, म्हणजे जमिनीत बांधलेले रंगाचे जुने हौद, आता मी कडेला उभी राहूनच पाहते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आले याची चौकशी गावभर सुरू होते. पाणी कमरेला लागले असे कळले की सासूबाईंना रिक्षाने होळकर पुलाच्या बाजूला नेऊन, गर्दीपासून दूर आणि घाटावर न उतरता, ते दाखवून आणते. त्या दरवर्षी काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी चढल्याची गोष्ट सांगतात आणि मी दरवर्षी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकते.

दिवाळीपूर्वीचा एक शनिवार कल्हईचा. घरातली पितळी पातेली माळ्यावर टाकलेली असतात, ती काढून जुन्या नाशकातल्या भांडी बाजाराच्या अंगाला चौकशी करावी; कल्हईवाला कुठे बसतो हे तिथला कोणीही दुकानदार सांगतो. भांडे ठेवून निघून येऊ नये, बसून पाहावे. तो भाता चालवून कोळसे फुलवतो, सांडशीत धरलेले पातेले निखाऱ्यावर फिरवतो, आत नवसागराची चिमूट टाकतो आणि पांढरा, नाकाला झोंबणारा धूर निघतो. मग कथलाची काडी तापल्या धातूला नुसती टेकवतो आणि कापसाचा बोळा एकदा गोल फिरवतो की काळवंडलेले पोट एका क्षणात चंद्रासारखे होते. शेवटी पाण्यात बुडवल्यावर चर्र आवाज येतो. त्या पातेल्यात केलेली आमटी कळकत नाही, हा त्याचा उपयोग झाला; पण मी जाते ती त्या एका फेऱ्यासाठी.

झोपेविषयी फार लिहायचे नाही. साडेनऊला मोबाईल चार्जिंगला बाहेरच्या खोलीत लावावा, पहाटे सव्वापाचला उठायचे असेल तर दहाच्या आत दिवा मालवावा, आणि जोडीदार घोरताना मध्येच श्वास थांबल्यासारखा होत असेल, तर त्याची थट्टा न करता डॉक्टरांना सांगावे.

वार चुकतातच. महिनाअखेरीला माझे ऑफिस उशिरा सुटते, सासूबाईंना बरे नसते, मुलगी अचानक येते. अशा वेळी कॅलेंडरवर दुधासारखाच खाडा मांडावा आणि पुढे जावे. दूधवाला खाड्याचे दूध दुसऱ्या दिवशी दुप्पट घालत नाही, तसे बुडालेले चालणे रविवारी दोन तास चालून भरून काढू नये. ओळीने तीन खाडे पडले तर मात्र दोष आपल्यात न शोधता वारात शोधावा आणि तो बदलावा. माझी वाचनालयाची फेरी आधी शुक्रवारी होती आणि शुक्रवारी साहेबांची बैठक पाचला सुरू होते, हे लक्षात यायला मला दोन महिने लागले. आता ती गुरुवारी आहे. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “आमच्याकडचा तो मुलगासुद्धा गुरुवारचाच होता,” आणि त्या दिवशी आमटीत डाळ मूठभर जास्त टाकायला सांगितली.